चार सह्या आणि एक मैदान

१ सप्टेंबर, सोमवार

आज क्रीडा कार्यालयात बैठक. अधिकारी स्पष्ट बोलले. नदीकडचं मैदान एकेका संस्थेला तासाच्या हिशोबाने देण्याचा त्यांना वैताग आला आहे. खेळातून समाजाचं काम करणाऱ्या चार संस्थांनी मिळून एकच अर्ज द्यावा, मैदान पाच वर्षं आपलं. मुदत ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाच. नाही दिला तर तिथे गाड्यांचं पार्किंग होणार.

चार संस्था अशा. कोचबाई मुलींचं फुटबॉल चालवतात. आठवडाभर शाळेत गेलेल्या मुलीलाच शनिवारी मॅच, असा त्यांचा कडक नियम. ड्रायव्हरकाका रिटायर झाल्यापासून दारू सोडलेल्या माणसांना पहाटे पळवतात. फिजिओ व्हीलचेअरवरच्या मुलांना कोपऱ्यातल्या सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल शिकवतो. चौथी संस्था आमची. फ्रिस्बी, म्हणजे उडत्या ताटलीचा खेळ.

चौघांना एकत्र आणणाऱ्या मंचाचा समन्वयक म्हणून माझी निवड झाली. एकमताने. म्हणजे अधिकाऱ्यांनी कोण बघणार हे सगळं असं विचारलं आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पेन होतं हे कारण असू शकतं. पण पेन हातात असणं हाही एक गुणच.

माझी मुलगी कोचबाईंच्या टीमची गोलकीपर आहे. मग मी समन्वयक व्हावं का? घरी येताना स्वतःला हा प्रश्न तीनदा विचारला. उत्तर: व्हावं, पण सावध राहावं.

अर्ज दहा तारखेपर्यंत तयार होईल. उरलेले वीस दिवस काय करायचं, हाच प्रश्न.

२ सप्टेंबर

फॉर्म आणला. एक पान! वर मैदानाचं नाव, खाली चार सह्या, चार शिक्के. चार संस्थांच्या परस्परसंबंधांची ही किंमत? सोबत प्रस्तावना जोडणार. तिला 'सहकार्याची सनद' म्हणावं.

बायकोने सही कुठे करायची ते विचारलं. ती आमच्या संस्थेची अध्यक्ष आहे. सत्ता एकाच हातात नको म्हणून गेल्या वर्षी मीच तिला अध्यक्ष केलं. तिला ते लेटरहेड छापून आल्यावर कळलं. मी म्हटलं, थांब, इतकी घाई नको. ती म्हणाली, बरं. आणि संस्थेत सध्या किती मुलं आहेत, असंही विचारलं. मी सांगितलं की आपण अजून पायाभरणीच्या टप्प्यावर आहोत. ती म्हणाली, अकरा ताटल्या आणि तीन पदाधिकारी. त्यातली एक ताटली शेजाऱ्यांच्या छपरावर.

तिसरा पदाधिकारी तिचा भाऊ. तो परगावी असतो, हे तिने बोलून दाखवलं नाही. मोठेपणा तिचा.

५ सप्टेंबर

पहिली बैठक, आमच्या पुढच्या खोलीत. अजेंडा नऊ विषयांचा. पहिला विषय: आपण जे करतो त्याला 'खेळातून विकास' म्हणायचं की 'विकासासाठी खेळ'? वरवर सारखं वाटतं, पण एकात खेळ आधी येतो. पाऊण तास सखोल चर्चा झाली. बहुतेक माझी.

ड्रायव्हरकाका म्हणाले, साहेब, तुमचं ठरेस्तोवर माझी निम्मी माणसं परत बाटलीला लागतील. हे मिनिट्समध्ये 'कालमर्यादेबाबत सूचना' म्हणून घेतलं.

खेदाची गोष्ट अशी की दुसऱ्या टोकाला कोचबाई आणि फिजिओ यांचं आपापसात सुरू होतं. फिजिओची रॅम्पवाली व्हॅन सकाळी रिकामी उभी असते. कोचबाईंना मॅचसाठी मुली न्यायला गाडी नाही. तर व्हॅन सकाळी त्यांनी न्यावी, आणि बदल्यात त्यांच्या मोठ्या मुलींनी संध्याकाळी व्हीलचेअर ढकलायला यावं, असलं काहीतरी. मला दोनदा त्यांना विषयावर आणावं लागलं. सहकार्याच्या बैठकीत असं खासगीत बोलत बसणं हा सहकार्याचा मोठा शत्रू आहे.

उरलेले आठ विषय पुढे ढकलले. मी किती बोललो? प्रामाणिकपणे सांगायचं तर जास्त. यापुढे एका विषयावर सात मिनिटं. घड्याळ समोर ठेवीन.

८ सप्टेंबर, सकाळी ७.१०

साडेपाचला ड्रायव्हरकाकांबरोबर पळायला जायचं होतं. सहभागी संस्थांचं काम आतून अनुभवायचं, असा संकल्प होता. आत्ताच जाग आली.

पण धावण्यामागची भूमिका नीट समजून न घेता नुसतं धावणं, हेही बरोबर नाही.

९ सप्टेंबर

सनदेचा पहिला मसुदा पूर्ण. चौदा पानं. मंचाच्या ग्रुपवर टाकला. फिजिओने अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे संमती की पोच? फोन करून विचारलं. तो म्हणाला, सर, पेशंटचा गुडघा वाकवत होतो, चुकून लागला असेल. मग तो अंगठा काढून टाका, नोंदीत घोळ नको, असं सांगितलं. त्याने काढला.

मसुद्यावर आता शून्य प्रतिक्रिया. पण खरी शून्य.

१२ सप्टेंबर

भिंतीवर मोठा कागद लावून सहकार्याचा नकाशा काढला. चार संस्था, मधे बाण. कोण कोणाशी कसं जोडलेलं आहे ते एका नजरेत दिसावं. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की सगळे बाण माझ्यातून जातात. हा अहंकार तर नव्हे? कागद काढला, नवा लावला, अगदी निर्मळ मनाने पुन्हा काढला. पुन्हा माझ्यातूनच. सत्य असेल तर नम्रतेपोटी खोटं काढण्यात अर्थ नाही.

बायको म्हणाली, कोळी छान आलाय.

मुलगी बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, बाबा, यात बरेच बाण नाहीत. काकांची दोन माणसं पळून झालं की आम्हाला रस्ता क्रॉस करून देतात. फिजिओसर आमच्या सगळ्यांचे घोटे बघतात. कोचबाई व्हीलचेअरवाल्या मुलांना सुट्टीत गणित शिकवतात. मी तिला समजावलं की हे सगळं अनौपचारिक आहे. नकाशात मिनिट्समध्ये आलेलेच बाण घेतले आहेत. तिने विचारलं, मिनिट्समध्ये कोणते आलेत? मी म्हटलं, अभ्यासाला बस.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसरी बैठक. फिजिओच्या क्लिनिकमध्ये. त्याने कोचबाईंना ट्रॅक्शनच्या टेबलावर बसवलं, मला व्यायामाच्या सायकलवर.

आधी एक मूलभूत नियम मांडला: कुठलाही निर्णय सर्वसहमतीनेच. एकाचाही आक्षेप असेल तर थांबायचं. नियम बहुमताने पास झाला. (सर्वसहमतीचा नियम बहुमताने पास होऊ शकतो का? यावर विचार करायला हवा.)

कोचबाई लगेच उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, मुली किट घालून ताटकळल्यात. तो फॉर्म द्या, सही करते आणि पळते. ड्रायव्हरकाकांनी तर शिक्का खिशातून काढून त्यावर हा हा करून वाफ दिली. फिजिओने पेन उघडलं. बायको माझ्याबरोबर आली होती, तीही तयार.

मनात आलं असतं तर आज पाच मिनिटांत चार सह्या झाल्या असत्या. पण मुद्दा मोहाचा होता. सनदेतलं कलम सहा मीच लिहिलं आहे. 'प्रत्येक संस्था इतर संस्थांच्या उद्दिष्टांना आपलीच मानेल.' काल वाचताना ते मलाच पटलं नाही. दारू सोडवणं हे मी फ्रिस्बीचं उद्दिष्ट कसं मानू? तिथे गप्प बसणं सोपं होतं. मी बसलो नाही. आक्षेप नोंदवला. त्यामुळे नियमानुसार सहमती झाली नाही, अर्ज थांबला.

ड्रायव्हरकाकांनी विचारलं, आक्षेप कोणाचा? म्हटलं, माझा. कोणावर? माझ्यावरच. त्यांनी शिक्का परत खिशात टाकला. मग म्हणाले, सकाळी काही खाल्लंय का तुम्ही?

मी फाइल तिथेच ठेवून लगेच निघालो, म्हणजे माझ्या गैरहजेरीत त्यांना कलम सहावर मोकळेपणी चर्चा करता यावी. बायको मागून अर्ध्या तासाने आली. चर्चा कशी झाली विचारलं. म्हणाली, झाली.

१८ सप्टेंबर

नवा पेच. आमच्या संस्थेतर्फे सही कोण करणार? मी सचिव, पण मी समन्वयकही आहे. बायको अध्यक्ष, पण ती समन्वयकाची बायको. माझ्या नात्यातल्या व्यक्तीची सही मीच गोळा करणं हे स्वच्छ व्यवहारात बसत नाही. अध्यक्षांना रीतसर पत्र लिहिलं, आपली भूमिका लेखी कळवावी, आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

संध्याकाळी पत्र परत आलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं: दूध, साबण, बल्ब.

भूमिका स्पष्ट होत नाही. आवक क्रमांक एक देऊन फाइल केलं. बल्ब आणला. दूध राहिलं.

२२ सप्टेंबर

सहा दिवस ग्रुपवर पूर्ण शांतता. पूर्वी तिथे काय काय यायचं! पंक्चर झालेले चेंडू, व्हॅन कुठे पोचली, कोणाचा एक बूट हरवला. आता फक्त माझे मेसेज. सगळे विचारात गढलेले दिसतात. मंचाला प्रौढपण येतंय.

मुलगी म्हणाली, बाबा, त्यांचा दुसरा ग्रुप आहे. मी विचारलं, कसला? ती म्हणाली, असाच. मोठ्या मंचात उपसमित्या आपोआप तयार होतात, हे मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. समजूतदार आहे.

२४ सप्टेंबर

कलम सहा सुटलं! सहा (अ) घातलं: 'कलम सहा शक्य तेथे लागू.' माझा आक्षेप मी मागे घेतला. मी स्वतःचे आभार मानले नाहीत, पण मानायला हरकत नव्हती.

आता मुखपृष्ठावर चार बोधचिन्हं कुठल्या क्रमाने? वर्णानुक्रमाने आमचं पहिलं येतं. बरं दिसत नाही. मुद्दाम शेवटी टाकावं तर तो विनयाचा देखावा. शेवटी चार वेगवेगळी मुखपृष्ठं करायचं ठरवलं. प्रत्येक प्रतीत वेगळी संस्था वर. सनद आता एकतीस पानांची.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जेवताना मुलीने विचारलं, मैदान जाणार का?

तिच्या टीममधल्या दोघींना घरून सांगितलंय म्हणे, मैदान गेलं की खेळ बंद आणि खेळ बंद तर शाळेचाही विचार करू. त्या दोघी शाळेत येतात त्याच शनिवारच्या मॅचसाठी. तिला हे माहीत होतं, मला नव्हतं. तीन आठवड्यांत चार संस्थांवर एकतीस पानं लिहिली, त्यात या दोघी कुठे नाहीत.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, बाबा आहे ना. ती म्हणाली, म्हणून तर विचारतेय.

बायकोने तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, नाही जाणार. इतक्या ठामपणे म्हणाली की मलाच धीर आला. माझ्यावर एवढा विश्वास तिने लग्नातही दाखवला नव्हता.

संकल्प: या दोन मुलींसाठी एक वेगळं परिशिष्ट.

२९ सप्टेंबर

उद्या शेवटचा दिवस. मूळ फॉर्म सापडत नाही. कपाट, बॅग, क्लिनिकमधून परत आणलेली फाइल, सगळं पाहिलं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, असेल कुठे तरी. नवा आणला.

छपाई. एकतीस पानं आणि परिशिष्ट, गुणिले चार. दुकानदाराने विचारलं, पुस्तक काढताय का? सतराव्या पानावर त्याच्या मशीनची शाई संपली.

सह्या उद्या खिडकीवरच घ्यायच्या. सगळ्यांना साडेचारला कार्यालयात बोलावलं आहे. ग्रुपवर तिघांनीही मेसेज पाहिला. उत्तर नाही. उत्तराची गरजच नाही इतकं स्पष्ट आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

३० सप्टेंबर, मंगळवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

४.१० ला कार्यालयात पोचलो. वेळ हाताशी होता म्हणून जिन्यात उभं राहून एकदा चाळलं. पान नऊवर 'लाभार्थी' हा शब्द! तो आपण वापरायचा नाही असं मी पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. चारही प्रतींमध्ये पेनने खोडलं, 'सहप्रवासी' लिहिलं, प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरं. बावीस ठिकाणं निघाली. ४.४८ झाले.

कोणीही आलेलं नव्हतं. तिघांना फोन केले. तिघांचेही वाजत राहिले. मैदानावर गोंगाट असतो, ऐकू येत नाही.

४.५३. आवक खिडकी. कारकुनाने फॉर्म पाहिला. चारऐवजी एकच सही, तीही माझी, आणि पुढे 'समन्वयक या नात्याने नव्हे'. बाकीच्या कुठे, असं त्याने विचारलं. म्हटलं, वाटेत आहेत. त्याने घड्याळाकडे पाहिलं. परिशिष्टातल्या त्या दोघी डोळ्यांसमोर आल्या. मी सरळ सांगून टाकलं की साहेब, चूक माझी आहे, सह्या सोळा तारखेलाच होत होत्या, मी होऊ दिल्या नाहीत, मैदान घेऊ नका. हे मी असंच बोललो. एकही उपकलम न घालता.

त्याने मैदान कोणतं विचारलं. नदीकडचं म्हटल्यावर रजिस्टर मागे उलटलं आणि म्हणाला, अहो, त्याचा अर्ज सतरा तारखेलाच आलाय. एक पान. चार सह्या, चार शिक्के. मंजूरही झाला. मग बोट ठेवून विचारलं, ही चौथी सही, या तुमच्या कोण?

मी म्हटलं, याबाबत मला काही बोलता येणार नाही.

तो म्हणाला, बरं. पण सही झकास आहे.

एकतीस पानं तो घेईना. खूप विनंती केल्यावर एका प्रतीवर 'माहितीस्तव' असा शिक्का मारून दिला.

घरी. बायको शांत होती. म्हणाली, सोळालाच, तू बाहेर पडल्यावर, दोन मिनिटांत. फाइलमधला फॉर्म काढला आणि सह्या केल्या. कोचबाईंनी दुसऱ्या दिवशी व्हॅनमधून मुलींना सोडता सोडता नेऊन दिला. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. ती म्हणाली, तू आक्षेप घेतला असतास.

घेतला असता. हे नाकारता येत नाही.

मग म्हणाली, कोणाच्या मनात वाईट नव्हतं रे. काकाच म्हणाले, माणूस चांगला आहे, त्याचं त्याला लिहू द्या, आपण आपलं मैदान घेऊ.

रात्री शांतपणे विचार केला. चार संस्था, समन्वयक गैरहजर असताना, कोणाच्याही देखरेखीशिवाय एकत्र येतात, एकमेकींचे शिक्के वापरतात आणि काम फत्ते करतात. मंचाचं याहून मोठं यश कोणतं? असं घडावं म्हणूनच तर मी उठून गेलो होतो. तेव्हा मला ते नीट माहीत नव्हतं, एवढंच.

४ ऑक्टोबर, शनिवार

मैदान आपल्याकडे आल्यावरची पहिली मॅच. सनदेची सात मिनिटांची आवृत्ती करून नेली होती, सुरुवातीला वाचायला. एका कोपऱ्यात बास्केटबॉल, कडेने ड्रायव्हरकाकांची माणसं धापा टाकत फेऱ्या मारत होती, मधे मुली. त्या दोघीही होत्या. मोजून घेतलं. दोघीही.

कोचबाईंना म्हटलं, दोन मिनिटं सगळ्यांना थांबवता येईल का? त्या म्हणाल्या, सर, बरं झालं आलात. पार्किंगवाल्यांच्या माणसांनी घाईघाईत गोलची एक पोस्ट उखडून नेली आहे, सोमवारी परत मिळेल. तोवर इथे उभे राहता का? दगड ठेवला तर मुली अडखळतात, बॅग ठेवली तर ती पडते.

कडेने जाताना ड्रायव्हरकाका ओरडले, हां, साहेबांना ठेवा. ते आपल्या जागेवरून हलत नाहीत, आम्ही बघितलंय.

हा टोमणा होता की पावती, यावर विचार करायला वेळ मिळाला नाही. कागद खिशात घातले आणि उभा राहिलो. डावी पोस्ट. आत गोलकीपर माझी मुलगी.

तासभर उभा होतो. एकही सूचना केली नाही. नऊ चेंडू अगदी जवळून गेले, एक कानाला लागून. मी पापणीही हलवली नाही. आमच्या मुलींची टीम एक-शून्यने पुढे. शेवटच्या मिनिटाला समोरच्या उंच मुलीने असा काही मारला की माझ्या मुलीने उजवीकडे उडी घेतली आणि चेंडू डावीकडे आला. पोस्टच्या आतून. स्पष्ट आतून, वीतभर. गोल होता.

माझा पाय आत सरकला. मी सरकवला. चेंडू नडगीवर आदळला आणि बाहेर गेला.

शिट्टी झाली. सगळ्यांच्या मते पोस्टला लागला. ड्रायव्हरकाकांनी पळता पळता टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या मुली कपाळाला हात लावून खाली बसल्या. मला काय करायला हवं ते मला पूर्ण माहीत होतं. मी हात वर केला आणि तोंड उघडलं.

मुलगी जमिनीवरून उठत होती. गुडघ्यावरची माती झटकता झटकता, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, बाबा, पोस्ट बोलत नसते.

हात खाली घेतला.